दोराच्या शेवटच्या टोकाला

डिसेंबर २०२२ मधल्या एका सकाळी कर्जतजवळच्या रिसॉर्टच्या हिरवळीवर रस्सीखेच चालू होती आणि मी कडेला उभी राहून पाहत होते. एका बाजूला उत्पादन विभाग होता, दुसऱ्या बाजूला स्टोअर आणि डिस्पॅच. पुढची माणसे लालबुंद झाली होती, मधली ओरडत होती आणि मोबाइलवर चित्रण करणारे सगळे पुढच्या माणसांभोवती गोळा झाले होते. माझी नजर मात्र स्टोअरच्या बाजूला अगदी शेवटी उभ्या असलेल्या गृहस्थांवर गेली. दोर त्यांनी काखेखालून पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे आणला होता, टाचा मातीत रुतवल्या होत्या, आणि तोंडातून एक शब्दही न काढता ते मागे रेलून उभे होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. स्टोअरमध्ये त्यांची सव्वीस वर्षे झाली होती आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. जवळजवळ नऊ वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला त्यांच्यापाशी बोलायची होती, ती मी टाळत आले होते, आणि या सहलीत बोलले नाही तर ती कायमची राहून जाणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत, दाबमापक आणि लहान झडपा बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. २००६ साली मी तिथे लागले, तेव्हा ठाणे-वाशी रेल्वे सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून गाडी पकडायची, ऐरोली गेले की दाराशी यायचे आणि रबाळ्याला उतरून रिक्षा करायची, हा क्रम तेव्हापासून चालू आहे. या काळात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचे कितीतरी जुने कारखाने बंद पडले आणि त्यांच्या आसपास संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्याकडे वर्षातून एकदा 'सहल' निघत असे. त्या इमारतींतून 'ऑफसाइट' हा शब्द आमच्याकडे आला आणि त्याच्याबरोबर वेळापत्रक, टी-शर्ट, सूत्रसंचालक आणि बक्षिसे आली. मला या बदलाविषयी तक्रार नाही. सहलीमागची जी गरज होती ती जुनीच आहे, आणि ती मी कारखान्यात नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी पाहिली होती.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत येऊ देत. लेथला झेंडूची माळ घातलेली असे, तेलाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला असे, आणि वडील आम्हाला घेऊन एकेका सहकाऱ्यापुढे उभे राहत. एका वर्षी शेजारच्या यंत्रावरच्या एका काकांनी माझ्या आईला सांगितले, "वहिनी, यांच्या हातचे आटे मी डोळे मिटून ओळखतो." आई काही बोलली नाही, पण परत येताना ती रस्ताभर वडिलांकडे वेगळ्याच नजरेने पाहत होती, हे मला आठवते. घरात वडील दमून आलेला माणूस होते. त्यांचे काम चांगले आहे, हे आम्हाला सांगू शकणारा माणूस त्या कारखान्यातच होता, आणि तो आम्हाला भेटला तो वर्षातल्या त्या एका दिवशी.

कामात 'उठून दिसणे' या शब्दांपाशी मी नेहमी थबकते, कारण आमच्याकडे वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात त्यासाठी एक रकाना आहे. लुगड्याचा काठ उठून दिसतो तेव्हा काठाइतकेच श्रेय अंगाच्या रंगाचे असते, हे विणकराला ठाऊक असते. पण अर्ज भरणारा माणूस स्वतःला काठ समजून लिहितो आणि बाकीच्या विभागाला अंगाचा रंग. मीही तसेच लिहिले आहे. एकदा तर मी ते व्यासपीठावरून बोलले.

२०१३ च्या पावसाळ्यात आमच्या एका निर्यातीच्या ग्राहकाकडून तक्रार आली. दाबमापकांची खोकी तळाशी दबलेली पोहोचली होती आणि आतल्या काही मापकांच्या काचांना तडे गेले होते. पुढच्या दीड महिन्यात तशाच आणखी दोन तक्रारी आल्या. खोकी पुरवणाऱ्याने आपल्या चाचण्यांचे कागद पुढे केले, वाहतूकदाराने जहाजावर बोट ठेवले, आणि मी पुठ्ठ्याच्या थरांची जाडी मोजत बसले, जी प्रत्येक वेळी बरोबर निघत होती. शेवटी एका दुपारी मी स्टोअरमध्ये गेले तेव्हा काकांनी मला पश्चिमेकडच्या शटरजवळच्या थप्पीपाशी नेले आणि सर्वांत खालच्या रांगेतल्या खोक्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबायला सांगितले. अंगठा आत गेला. मग त्यांनी आतल्या भिंतीजवळच्या थप्पीतले खोके दाखवले. ते टणक होते. "मॅडम, पापड सादळतात तशी ही खोकी सादळतात," ते म्हणाले. "शटरमधून पावसाची झड येते, खाली फरशी ओल धरते. माल भरला तेव्हा खोके चांगले असते. पंधरा दिवस इथे उभे राहिले की त्याचा जीव जातो."

पन्हळीच्या पुठ्ठ्याची ताकद त्याच्या आतल्या उभ्या नागमोडी थरात असते. हवेतली ओल कागदाच्या तंतूंत शिरली की तो थर मऊ पडतो, आणि वरच्या खोक्यांचे वजन जितके दिवस त्यावर राहील तितका तो अधिक बसत जातो. हे शास्त्र पुस्तकात होते आणि मला ते यायला हवे होते. काकांनी ते एका पुरवठादाराकडून दिवाळीत मिळालेल्या डायरीत, स्वतःच्या अक्षरात, तारखांसह लिहून ठेवले होते: 'शटर २, खालची रांग, मऊ.' अशा अकरा नोंदी होत्या. मी ती डायरी दोन दिवस मागून घेतली, नोंदींचा आलेख काढला, आर्द्रतामापक आणून आकडे जोडले, आणि अहवाल लिहिला. थप्पी आतल्या भिंतीकडे हलवली, खाली उंच पॅलेट घातले, पावसाळ्यात भरलेला माल आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम केला. तक्रारी थांबल्या.

जानेवारी २०१४ च्या सहलीत, कर्जतलाच, पहिल्या दिवशी दुपारी प्रत्येक विभागाने वर्षातले एक चांगले काम सांगायचे होते. गुणवत्ता विभागातून मी उभी राहिले. माझ्यापुढे सव्वाशे माणसे होती, पहिल्या ओळीत संचालक होते, आणि मला बोलायला आठ मिनिटे मिळाली होती. मी आलेख दाखवला. "आमच्या निरीक्षणात असे आले" असे म्हणत मी सुरुवात केली आणि तिसऱ्या मिनिटाला, टाळ्यांची चाहूल लागल्यावर, "माझ्या लक्षात आले" असे म्हणाले. मी ते ठरवून म्हटले नव्हते, पण ते ऐकताच मी थांबले नाही, हेही खरे आहे. दुरुस्त करायला एक वाक्य पुरले असते. काका शेवटच्या ओळीत, दरवाजाजवळ बसले होते. मी खाली बसले तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. त्या वर्षीचे 'उत्कृष्ट कार्या'चे बक्षीस मला मिळाले आणि एप्रिलमध्ये पदोन्नतीही झाली. मुलीच्या शाळेची फी, घराचा हप्ता, सगळे त्या पदोन्नतीने सोपे झाले. त्यानंतर मी रोज त्यांना स्टोअरमध्ये भेटत होते, त्यांच्याकडून माल तपासून घेत होते, त्यांच्या मुलाच्या लग्नाला जाऊन आले होते, आणि या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

मधली दोन वर्षे टाळेबंदीत आणि तिच्या सावलीत गेली. त्या काळात कंपनीत लागलेली मुले एकमेकांना संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटीत ओळखत होती. आमच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी तर मला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतक्या उंच आहात, हे माहीतच नव्हतं." म्हणून २०२२ ची सहल जाहीर झाली तेव्हा माझ्या मनात नेहमीचा थोडासा कंटाळा नव्हता. तीन हात नाक्यावरून पहाटे पावणेसहाला बस निघाली, कळवा पूल, विटावा, ऐरोली असे थांबे घेत पनवेलकडे वळली, आणि चौकजवळ इर्शाळगडाचे टोक दिसू लागले तेव्हा मागच्या बाकांवरची मुले अंताक्षरीवर आली होती.

आणि मग ती रस्सीखेच. घरी आल्यावर मी या खेळाविषयी वाचले, आणि जे वाचले त्याने मला फार दिवस सोडले नाही. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचा निबंध १९१३ साली प्रसिद्ध झाला. माणसे वाढवली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर कमी होत जातो, आणि आठ जणांच्या गटात तो एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर येतो, असे त्याला आढळले. काही जोर सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून वाया जातो, हे उघड आहे. पण १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी रचना केली: डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले, आणि त्याच्या मागची माणसे ओढण्याचे नुसते सोंग करत राहिली. तो प्रत्यक्षात एकटाच ओढत होता, तरीही मागे इतर आहेत अशा समजुतीने त्याचा जोर उतरला. पुढे १९७९ मध्ये बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ओरडणे आणि टाळ्या यांवर प्रयोग करून हेच दाखवले, आणि त्याच तिघांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. घोळक्यातही आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे असे माणसाला कळले, तर तो हात आखडता घेत नाही.

सर्वांसोबत असताना माणूस आळशी होतो, एवढाच अर्थ यातून काढणारे लोक मला भेटले आहेत, आणि तो मला अपुरा वाटतो. माझ्या ओढण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे कळलेला माणूस हळूहळू ढिला पडतो. मग स्टोअरमधला एक गृहस्थ, ज्याच्या अकरा नोंदींचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर लागला, तो नऊ वर्षे टाचा रुतवून का उभा राहिला असेल? प्रयोगांतल्या सरासरीत ही माणसे बसत नाहीत. प्रत्येक कारखान्यात अशी काही माणसे असतात आणि कारखाना त्यांच्यावर उभा असतो. पण ती अशीच राहतील, असे गृहीत धरणे हे आमच्यासारख्या वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे पाप आहे.

सामना उत्पादन विभागाने जिंकला आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याची चव बिघडली. "नोव्हेंबरचा माल कोणामुळे रखडला होता?" असे कोणीतरी हसत विचारले, दुसऱ्याने न हसता उत्तर दिले, आणि जेवणाच्या टेबलांवर विभागवार घोळके बसले. ज्या भिंती पाडायला आम्हाला कर्जतला आणले होते, त्या एका दोराने आणखी पक्क्या केल्या. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या एका उद्यानात, अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात नेमके हे पाहिले होते. दोन गटांत बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, त्यांत रस्सीखेचही होती, आणि थोड्याच दिवसांत मुले एकमेकांचे झेंडे जाळू लागली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला, तर भांडणे मिटली नाहीत. जेवणाच्या वेळी फेकाफेकच झाली. भांडणे मिटू लागली ती दोघांनाही अडचण आली तेव्हा: पिण्याचे पाणी बंद पडले, जेवण आणणारा ट्रक सुरू होईना. तो ट्रक ओढायला मुलांनी जो दोर आणला, तो रस्सीखेचीचाच होता. आमच्या मनुष्यबळ विभागातल्या ताईंना मी हे नंतर सांगितले, आणि त्यांनी पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकातून विभागांमधल्या स्पर्धा काढून टाकल्या.

बायकांच्या बाजूने सहलीविषयी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. दोन दिवस घराबाहेर राहण्यासाठी आमच्यातली प्रत्येकजण आधी चार दिवस राबलेली असते. सासूबाईंची औषधे, मुलांचे डबे, परीक्षेचे वेळापत्रक फ्रिजवर लावणे, हे सगळे करून ती बसमध्ये बसते, आणि म्हणून तिघींच्या खोलीतली ती रात्र तिच्यासाठी मौल्यवान असते. त्या खोल्यांत मी ज्या मैत्रिणी मिळवल्या त्या आजही माझ्या आहेत. पण हे मोकळेपण सुरक्षिततेवर उभे असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त जाण्याच्या ठिकाणाला आणि मालकाने दिलेल्या वाहनालाही कामाचे ठिकाण मानतो. म्हणजे कर्जतचे रिसॉर्ट आणि तिथे नेणारी बस ही दोन्ही कायद्याने आमचे कार्यालयच आहे. नव्या मुलींना मी हे बसमध्ये बसण्यापूर्वीच सांगते. नाचायचे नसेल तर नाचू नकोस, रात्री अकराला झोपायचे असेल तर झोप, त्याने तुझे काहीही बिघडणार नाही, हेही सांगते. मिसळण्याची सक्ती झाली की मिसळणे संपते.

त्या संध्याकाळी सूत्रसंचालकाचा संगीताचा कार्यक्रम होता, पण त्याआधी पोपटी लावायची ठरली होती. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते, आणि सव्वाशे माणसांची पोपटी म्हणजे मोठा खटाटोप असतो. रिसॉर्टच्या माणसांनी मडकी, शेंगांची पोती, बटाटे, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला आणून ठेवला आणि त्यांच्याकडे हात अपुरे आहेत हे लगेच दिसले. तेव्हा काका उठले. ते मूळचे रोह्याकडचे. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत कधी न ऐकलेल्या स्वरात मी त्यांना बोलताना ऐकले. "तुम्ही शेंगा निवडा, किडकी नको. तुम्ही पाला धुवा. पेंढा कोण आणतो?" उत्पादन विभागाचे व्यवस्थापक पेंढा आणायला गेले. सकाळी भांडलेली माणसे एकाच पोत्याभोवती मांडी घालून बसली. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे आणि अंडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी गच्च भांबुर्डा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. काका सगळ्यांना सांगत होते की पाल्याच्या वाफेतच ते शिजते. प्रयोगशाळेतली ती मुलगी त्यांच्या मागे मागे फिरत प्रत्येक गोष्ट विचारत होती, आणि ते तिला 'बाळा' म्हणत उत्तरे देत होते.

जाळ लागला आणि लोक पांगले. काका राखणीला बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"काका, २०१४ च्या सहलीत मी खोक्यांवर बोलले होते," मी म्हणाले. "तुमचं नाव घेतलं नव्हतं."

त्यांनी काठीने एक निखारा आत सारला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मीही त्या वाक्यापुढे कारणे जोडली नाहीत.

"माहीत आहे मॅडम," ते म्हणाले. "मी तिथेच होतो की. तुम्ही सगळं इंग्रजीत सांगत होतात, मला निम्मं कळलं नाही. पण मध्ये तुम्ही म्हणालात, खोकी सादळली. तो शब्द माझा होता. मी घरी जाऊन हिला सांगितलं, माझा शब्द आज मोठ्या साहेबांनी ऐकला."

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली. ते 'असू दे' म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण ते सहज असू देण्यासारखे नव्हते. मग त्यांनी तांब्यातले पाणी मडक्यावर शिंपडले. ते चर्र करून क्षणात उडाले. "झाली," ते म्हणाले, आणि सगळ्यांना हाका मारायला उठले.

गुणवत्ता विभागाचा एक नियम आहे. नोंदीत चूक झाली तर ती गिरवायची नाही, पुसायची नाही. एकच रेघ अशी मारायची की खालचे वाचता येईल, आणि शेजारी सही व तारीख घालायची. बंद झालेल्या फाइलला हात लावायचा नसतो, पण पुरवणी नोंद जोडता येते. जानेवारी २०२३ मध्ये मी २०१३ च्या त्या तक्रारीची फाइल काढली, एक पुरवणी नोंद लिहिली, आणि संचालकांची सही घेण्यासाठी गेले तेव्हा ती का लिहिली हेही त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि सही केली. त्याच वेळी मी तक्रारीच्या छापील अर्जात एक नवा रकाना मागून घेतला: 'हे प्रथम कोणाच्या लक्षात आले'. एका ओळीच्या त्या रकान्यासाठी तीन बैठका झाल्या, कारण दोष आणि श्रेय एकाच कागदावर आले की माणसे दोन्हींना घाबरतात, असे काहींचे म्हणणे होते. ते अगदी चूक नव्हते. पण रकाना आला.

पुरवणी नोंदीतली नावाची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने भरावी म्हणून. कागद घेऊन मी स्टोअरमध्ये गेले. काकांनी चष्मा लावला, सगळे वाचले, पेन हातात घेतले आणि तिथे आपले नाव लिहिले नाही. त्यांनी एका मदतनिसाचे नाव लिहिले, जे मी कधी ऐकलेही नव्हते.

"हा कोण?" मी विचारले.

"कंत्राटदाराकडे कामाला असलेला पोरगा. दिघ्याहून यायचा. थप्पी लावायचं काम त्याचं. तोच एक दिवस म्हणाला, काका, खालची खोकी उचलली की बोटं आत जातात. मी म्हटलं, बघू. मग वहीत लिहायला लागलो." ते थांबले. "वही माझी, हे खरं. पण बोटं त्याची."

कंत्राटदार २०१६ साली बदलला आणि त्याच्याबरोबर त्याची माणसेही गेली होती. मी जुनी हजेरीपत्रके काढायला लावली, नव्या कंत्राटदाराच्या मुकादमाकडे चौकशी केली, दिघ्याहून येणाऱ्या दोघातिघांना विचारले. तो तरुण आता कुठे आहे हे कोणाला सांगता आले नाही. २०१४ साली मी व्यासपीठावर उभी होते तेव्हा काका निदान शेवटच्या ओळीत होते. तो सभागृहात असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कंत्राटी कामगारांची नावे सहलीच्या यादीत कधी नसतातच. आमच्या आवारात रोज जवळपास चाळीस जण असे असतात. ते माल उतरवतात, थप्प्या लावतात, यंत्राखालचे तेल पुसतात, म्हणजे जिथे दोष पहिल्यांदा हाताला लागतो तिथेच त्यांचे हात असतात.

काका एप्रिलमध्ये निवृत्त झाले. त्या वर्षी सहलीची यादी सहीसाठी माझ्याकडे आली तेव्हा मी ती मनुष्यबळ विभागातल्या ताईंकडे परत घेऊन गेले. त्यांनी अडचणी सांगितल्या आणि त्या खऱ्या होत्या. कंत्राटी माणसाचा मालक कागदोपत्री दुसरा असतो, त्याचा विमा वेगळा असतो, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोजंदारीवरचा माणूस सहलीला आला तर त्याचे दोन दिवस खाडे पडतात. मजा करायला बोलावून त्याची मजुरी बुडवायची का? आम्ही कंत्राटदाराशी बोललो, ते दोन दिवस हजेरीत धरायचे असे लेखी घेतले, विम्याचे पाहिले. सहा जणांना नेता आले. चाळिसांत सहा, हे मला पुरेसे वाटत नाही आणि त्या वेळीही वाटले नव्हते.

ते सहाजण बसमध्ये सर्वांत मागे बसले. नवे टी-शर्ट त्यांनी घड्या तशाच ठेवून मांडीवर घेतले होते. पनवेल सोडल्यावर मी मागे गेले आणि एकाच्या शेजारी जागा होती तिथे बसले. तो आधी आखडून बसला, मग खिडकीबाहेर पाहू लागला. चौक येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. मग त्याने, आपण बोलावे की नाही याचा अंदाज घेत, हळूच सांगितले की नव्या पॅलेटांपैकी काहींची मधली फळी माल ठेवला की वाजते, आणि ती जिथे वाजते तिथे खिळा वर आलेला असतो.

मी पिशवीतून वही काढली, आणि आधी त्याचे नाव विचारले.